सुकतीच्या वेळेवर

तारकर्लीहून दक्षिणेला निघालेला रस्ता देवबागला संपतो, कारण पुढे जमीनच उरत नाही. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि दोहोंच्या मध्ये माडांची, कौलारू घरांची आणि हल्ली रिसॉर्टांच्या पाट्यांची एक अरुंद पट्टी. काही ठिकाणी ही पट्टी इतकी निमुळती होते की एका बाजूच्या लाटांचा आवाज कानावर येत असतानाच दुसऱ्या बाजूला खाडीत नांगरलेल्या होड्या दिसतात. टोकाशी नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगवे, म्हणजे वेंगुर्ले तालुका. मालवणहून इथवर यायला दहा-बारा किलोमीटर पडतात.

भाऊबीज उरकून आम्ही पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि संपता न संपणारा फराळ एवढा ऐवज होता. फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण असा रस्ता. रेल्वेने यायचं तर कुडाळ स्टेशन बरं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. २०२१पासून चिपीला विमानतळही झाला आहे, पण पाच माणसांच्या सामानासकट विमानाचा हिशेब आमच्या खिशाला मानवणारा नव्हता.

देवबागला खोली घेताना समुद्राकडची की खाडीकडची, हे आधी घरात ठरवून घ्यावं. समुद्राकडे सूर्यास्त, वाळू आणि लाटा. पण त्या बाजूला समुद्र किनारा खात चालला आहे आणि धूप थांबवायला घातलेले दगडांचे बंधारे जागोजाग आडवे येतात. पाण्यात उतरायला मोकळी, सपाट वाळू हवी असेल तर मागे तारकर्लीलाच राहावं. तिथे सुरूच्या बनाला लागून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थानही आहे. खाडीकडे लाटा नाहीत, पाणी शांत, अंगणाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. लहान मूल आणि दुखरे गुडघे, दोन्ही बरोबर असल्यामुळे आम्ही खाडीकडची बाजू घेतली. रिसॉर्ट म्हणजे तरी काय, मोजक्या खोल्या, माडांना बांधलेले झोपाळे, एक धक्का आणि मागच्या दारी मालकांचं स्वतःचं घर. मालकांचं घराणं रापणकरांचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. ते होडीतून अर्धवर्तुळात टाकायचं आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर उभं राहून अख्ख्या वाडीने ओढायच्या. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटी आल्यावर किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, असं रापणकर सांगतात. त्यावरून मालवणात बरीच भांडणंही झालेली आहेत. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि पुढे मासेमारीच्या जोडीला पाहुणे घेणं हा किनारपट्टीवरच्या अनेक घरांचा धंदा झाला. आमच्या या मालकांना सगळे ‘काका’ म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणू लागलो.

पहिल्या संध्याकाळी नवऱ्याने काकांना विचारलं, ‘‘उद्याचा कार्यक्रम किती वाजता सुरू होतो?’’ काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘उद्या षष्ठी. सुकती लागांदे, मगे जावया.’’

पुढचा सगळा दिवस या एका वाक्यावर चालला, म्हणून हा हिशेब जरा सविस्तर सांगते. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. षष्ठी म्हणजे सहा, त्याची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमाराला भरती पूर्ण होणार, सहा-सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, आणि संध्याकाळी पाचच्या आगेमागे पुन्हा भरती. मुळात भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो. तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच ढोबळ हिशेब. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सुट्टीवर आलेल्या माणसाला तेवढं पुरे. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाऊणपट सव्वाअकरा येते, म्हणजे दुपारी उधाणाची मोठी भरती आणि सुकती पहाटे किंवा संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. थोरलीने लगेच मोबाईलवर भरतीचा तक्ता दाखवणारं ॲप उघडून पडताळणी केली. काकांच्या आणि ॲपच्या वेळेत वीसेक मिनिटांचा फरक निघाला. काकांनी ॲपकडे बघितलंसुद्धा नाही.

एवढं खोलात जायचं कारण म्हणजे देवबागचं पाण्यातलं मुख्य आकर्षण, ज्याला सगळे ‘सुनामी आयलंड’ म्हणतात, ते सुकतीलाच दिसतं. संगमाच्या अलीकडे खाडीत उठलेला हा वाळूचा दांडा. २००४च्या सुनामीनंतर तो वर आला असं इथले लोक सांगतात. नदीच्या मुखाशी दांडे तयार होणं तसं नवलाचं नाही. वरून आलेलं पाणी समुद्राच्या पाण्याला अडून संथावलं की बरोबर आणलेली वाळू तिथेच टाकतं, आणि पावसाळा झाला की दांड्याचा आकार बदलतो. पॅकेजवाले सकाळी आठला गाठतात, दुपारी तीनला गाठतात. पाणी चढलेलं असलं की पर्यटक छातीइतक्या पाण्यात उभे राहून ‘बेट कुठे आहे?’ म्हणून विचारतात. पंचांग बघून खोली आरक्षित करा असं मी म्हणणार नाही. पण आल्यावर निदान दिवसाची मांडणी तरी पाण्याच्या वेळेने करावी. पाण्यातल्या गोष्टींची वेळ पाणी ठरवतं, उरलेला वेळ आपला, आणि हा उरलेला वेळ भरपूर असतो. सुट्टीचा खरा फायदा मला त्यातच वाटला.

तर सकाळ मोकळी होती. मुलं उठली ती झोपाळ्यात जाऊन पुन्हा झोपली. सासूबाई खाडीच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून काकींची घावणी बघत होते. तांदळाचं पीठ ताकाहून पातळ भिजवलेलं. बिडाचा तवा चांगला धुरावला की अर्धा कांदा सुरीला टोचून, तेलात बुडवून त्यावरून फिरवायचा. मग वाटीने पीठ कडेपासून आत ओतत यायचं. तव्याला लागताच ते चर्र करतं आणि जाळी पडते. झाकण, दोन श्वास, झाकण काढलं की घावणं आपण होऊन कड सोडतं. उलटायचं नाही. काकी ते हाताने चौघडी घालून ताटात टाकत होत्या आणि वर नारळाचा गुळ घातलेला रस. घरी न्यायला रेसिपी मागितली तर म्हणाल्या, ‘‘रेसिपी कसली? तांदूळ जुनो व्हयो.’’

साडेनऊला पाणी बरंच उतरल्याचं पायऱ्यांवरच्या ओल्या पट्ट्यावरून कळत होतं. दहाला आम्ही होडीत बसलो. लाइफ जॅकेट चढवताना धाकट्याच्या जॅकेटचा पट्टा दोन पायांमधून घेऊन बांधायचा, हे काकांच्या मुलाने स्वतः वाकून केलं. लहान मुलाच्या बाबतीत हा पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर येतं आणि मूल खालून निसटतं. सासूबाईंचं ‘‘मी काही पाण्यात उतरणार नाही, मला कशाला?’’ कुणी ऐकून घेतलं नाही. मे २०२२मध्ये याच किनाऱ्यावर पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. होडीत पाय ठेवण्याआधी जॅकेट, आणि होडीत माणसं किती हे आपणही मोजायचं. जास्त वाटली तर पुढच्या फेरीने जायचं, यात भिडेचं काही नाही. जलक्रीडेच्या बोटींना महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी लागते आणि ती दाखवा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

बेटावर धक्का नाही. होडी वाळूला टेकते आणि आपण गुडघाभर पाण्यात उतरतो. पाण्यात उतरणार नाही म्हणणाऱ्या सासूबाईंसाठी होडीवाल्याने प्लॅस्टिकचं स्टूल पाण्यात ठेवलं, एका हाताला तो, दुसऱ्या हाताला थोरली, आणि आई साडीचा काठ सावरत उतरल्या. त्यांना एक खुर्ची मिळाली. ती त्यांनी स्वतःच सांगून घोटाभर पाण्यात ठेवून घेतली. मग एक गंमत सुरू झाली. दर लाटेगणिक खुर्चीच्या पायाखालची वाळू थोडी थोडी सरकायची आणि खुर्ची बोटभर खाली जायची, तीही एका पायाने जास्त. दहा मिनिटांनी आई डावीकडे कलल्या की धाकटा धावत जाऊन खुर्ची उपटून नव्या जागी रोवायचा. हा खेळ त्याला पुढच्या सगळ्या राइड्सपेक्षा जास्त आवडला आणि तो फुकट होता.

राइड्सची बाजारपेठ मात्र तिथे जोरात असते. जेट स्की, बनाना, बंपर, स्पीड बोट, पॅरासेलिंग. पाच-सहा एकत्र घेतल्या की स्वस्त, असा भाव. दर हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतात, घासाघीस चालते. आम्ही दोनच घेतल्या आणि मला तेच योग्य वाटतं. सहा राइड्सचं पॅकेज घेतलेलं शेजारचं कुटुंब सगळा वेळ रांगेतच दिसलं. एकीतून उतरायचं, ओल्या अंगाने दुसरीच्या रांगेत लागायचं, एकाने सगळ्यांचे मोबाईल आणि चष्मे सांभाळत उभं राहायचं. त्यातली अर्धी मजा तर चढण्याउतरण्यात जाते.

बनाना राइड म्हणजे हवा भरलेला लांब पिवळा नळा, त्यावर घोड्यावर बसल्यागत ओळीने बसायचं आणि स्पीड बोट दोरीने ओढत नेते. शेवटी बोट एकदम वळवून सगळ्यांना पाण्यात पाडायचं हा त्यातला ठरलेला प्रकार. नको असेल तर ‘पाडू नका’ असं बसण्याआधी स्पष्ट सांगता येतं आणि ते ऐकतात. आम्ही सांगितलं होतं. परत येताना थोरलीनेच ओरडून ‘पाडा, पाडा’ म्हटलं, आणि मग कुणाचं ऐकायचं याचा विचार चालकाने फार केला नाही. पाणी कंबरेइतकंच होतं. नाकातोंडात गेलेलं पाणी आधी खारट आणि मागाहून किंचित मचूळ लागतं, कारण सुकतीला नदीचा वाटा जास्त असतो.

जेट स्की नवऱ्याला स्वतः चालवायची होती. मागे प्रशिक्षित माणूस बसलेला असला तरच ती हातात द्यावी, आणि तसाच नियम तिथे पाळला जात होता. या वाहनाची एक खोच आहे. त्याला सुकाणू नसतं. यंत्र खालून पाणी ओढून मागच्या नळीतून जोराने फेकतं आणि हँडल वळवलं की ती नळी वळते. म्हणजे वेग सोडला की वळणही संपलं. समोर काही दिसल्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाचा हात आपसूक वेग कमी करतो आणि जेट स्की सरळ त्याच गोष्टीकडे जाते. हे मागच्या मुलाने दोन वाक्यांत सांगितलं आणि नवऱ्याला चौथ्या वळणावर पटलं.

पोहायचं असेल तर बेटाच्या खाडीकडच्या अंगाला. संगमाच्या तोंडाशी सुकतीच्या वेळी कधीही नाही. त्या वेळी नदीचं आणि भरतीने आत आलेलं सगळं पाणी एकाच अरुंद वाटेने बाहेर पडत असतं. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, ओढ खाली असते. होडीवाले तिकडे जाऊ देत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

साडेअकरापर्यंत ऊन चढलं. बांबूच्या टपरीवर लिंबू सरबत झालं आणि आम्ही निघालो. सकाळच्या डॉल्फिन फेरीला आम्ही गेलोच नाही. इथल्या समुद्रात पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात, नशीब असेल तर चांगले दिसतात. पण एका पाठीमागे दहा बोटी लागतात, हे मी मागे पाहिलं आहे. जायचंच तर पहिल्या फेरीला, आणि इंजिन बंद करून थांबायला तयार असलेल्या होडीतून जावं.

जेवणाबद्दल थोडक्यात लिहिणं अवघड आहे. बांगड्याचं तिखलं होतं, त्यात तिरफळं. चावायची नाहीत, बाजूला काढायची, हे धाकट्याला एक चावल्यावर कळलं. जीभ बधिर झाली म्हणून तो घाबरला आणि मग त्याने मुद्दाम दुसरं चावून पाहिलं. रव्यात घोळून तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, उकड्या तांदळाचा भात. सासूबाई मासे खात नाहीत. त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. शाकाहारी माणसाची मालवणात आबाळ होते हा समज काकींच्या त्या सांबाऱ्याने खोटा पाडला. वाटप तेच, भाजलेल्या खोबऱ्याचं आणि मालवणी मसाल्याचं, फक्त मासळी नाही. सोलकढी आगळाची होती. आगळ म्हणजे मे महिन्यात रातांबे फोडून, मीठ घालून काढलेला कोकमाचा रस. सुक्या आमसुलांच्या कढीला तो रंग येत नाही. शेवटी भातावर घ्यायची की नुसती प्यायची यावर आमच्याकडे दोन पक्ष पडले.

आणि मग दुपारभर काहीही नाही. पाणी हळूहळू चढत होतं, ऊन माडांच्या झावळ्यांतून अंगणात सरकत होतं, सासूबाई आणि धाकटा गाढ. थोरली झोपाळ्यात पडून आदल्या दिवशीचा स्कूबाचा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवत होती.

स्कूबा आम्ही दोघींनी आदल्याच सकाळी केलं होतं, मुद्दाम वेगळ्या दिवशी. मालवणहून बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नेतात. किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. उपजीविकेवर बंधनं येतील म्हणून मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध राहिला. पाण्याखाली प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत, आणि आता त्याच मच्छीमारांच्या घरची अनेक पोरं पर्यटकांना ते दाखवतात. तारकर्लीत पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. तिथे पोहण्याच्या तलावात सराव करून मग समुद्रात नेतात. भीती वाटणाऱ्यांनी तो मार्ग धरावा.

पोहता येत नसलं तरी चालतं, असं जाहिरातीत लिहितात ते खरं आहे, कारण पूर्ण वेळ प्रशिक्षक आपल्याला मागून धरून असतो. पण सर्दी असेल, दमा असेल, कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, दिवस गेलेले असतील तर नाही. अर्जावर हे विचारतात तेव्हा खोटं लिहू नये. खाली जाताना पाण्याचा दाब वाढत जातो, दर १० मीटरला एका वातावरणाइतका. पाच मीटरवरच कानाच्या पडद्यामागची हवा दोन तृतीयांश होते आणि कान दुखायला लागतात. मग मास्कवरूनच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, की कान ‘टक्’ करून मोकळे. दुखायला लागल्यावर नव्हे, आधीच, दर दोन-तीन फुटांना. दुसरा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. वर येताना दाब कमी होतो आणि फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते. आणि अंगठा वर करायचा नाही! जमिनीवर त्याचा अर्थ ‘मस्त’, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर घ्या’. मस्त असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. थोरलीने पहिल्याच मिनिटाला आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याच मिनिटाला ती वर आली.

दुसऱ्यांदा ती नीट उतरली. पंचवीस फुटांच्या आतबाहेर असू. दिवाळीचे दिवस, पावसाळ्यातला नद्यांचा गाळ अजून पुरता बसलेला नव्हता, त्यामुळे पाणी हिरवट होतं. स्वच्छ तळ हवा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक बरा. तरी खडकांवरचे प्रवाळ दिसत होते, पिवळ्या पाठीचे आणि काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे अगदी मास्कजवळून जात होते. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. थोरलीच्या मनगटावर पाडव्याच्या पूजेचा लालभडक दोरा होता. पाण्याखाली तिने हात पुढे केला तर तो तपकिरी, जवळजवळ मातकट. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. वर येताना शेवटच्या काही फुटांत तो दोरा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा लाल होत गेला.

एक गोष्ट खटकली. व्हिडिओत मासे भरपूर यावेत म्हणून पाण्याखाली पाव-बिस्किटं चुरून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, आणि फोटोसाठी पर्यटकांना प्रवाळाच्या खडकावर टेकवतात. आधीच ‘आम्हाला खाणं टाकलेला व्हिडिओ नको’ असं सांगितलं तर ते टाकत नाहीत. स्कूबा करून त्याच दिवशी विमान पकडायचं नसतं, हेही लक्षात ठेवावं. निदान बारा तास, शक्यतो अठरा, मधे जाऊ द्यावेत. चिपीहून परतीचं तिकीट असलेल्यांनी म्हणूनच ते पहिल्या दिवशी उरकावं.

बोटीतून किल्ला फार जवळून दिसतो. १६६४च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर त्याचा पाया घातला आणि तीन वर्षांत समुद्रात तट उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं मंदिर. २०२५च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचंही नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण किल्ल्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्यावा. स्कूबानंतर ओल्या कपड्यांनी तासाभरात ‘करून’ येणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

चारच्या आधी काका स्वतःच कयाक धक्क्याला लावून उभे होते. भरती वर चढत असताना निघालं की पाणीच तुम्हाला खाडीत आत, नदीच्या वरच्या अंगाला नेतं. पाचला पाणी थांबतं, आणि परतताना उलटी ओढ लागते ती घराच्या दिशेने. सुकतीला निघालात तर नेमकं उलटं, जाताना हसतखेळत संगमाकडे आणि येताना हात तुटेपर्यंत वल्ही. ही साधी गोष्ट तासाच्या भावाने कयाक देणारा प्रत्येक जण सांगेलच असं नाही.

मी आणि धाकटा एका कयाकमध्ये, नवरा आणि थोरली दुसऱ्यात. दोघांच्या कयाकमध्ये मागच्याने दिशा धरायची आणि पुढच्याने ताल. पुढचा सात वर्षांचा असला की तालही मागच्यानेच धरायचा असतो. दहा मिनिटांत आम्ही मुख्य पात्र सोडून कांदळवनाच्या कडेला लागलो. कांदळाची मुळं खोडातून कमानी टाकत चिखलात उतरलेली. फांद्यांना शेवग्याच्या शेंगांसारखे लांब हिरवे कोंब लोंबत होते. धाकट्याने ‘भाजी’ म्हणून हात लावला. ते खरं तर बी आहे, झाडावरच रुजलेलं. सुकतीला गळून पडलं तर टोकाने खालच्या चिखलात रुतून तिथेच उभं राहतं, भरतीला पडलं तर तरंगत दुसरीकडे जाऊन लागतं. तिवराची मुळं मात्र बोटांएवढी, चिखलातून सरळ वर आलेली, श्वास घेण्यासाठी. पाणी चढलेलं असल्याने त्यांची फक्त टोकं वर होती आणि त्यावर निवट्या चिकटून बसल्या होत्या. या माशाला पाण्याबाहेर राहता येतं, कल्ल्यांत पाणी धरून ठेवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन. आम्ही वल्ही थांबवली की त्या हलायच्या नाहीत, आणि धाकटा ‘श्शू’ म्हणाला की एकदम पाण्यावरून उड्या मारत पसार. खंड्या दोनदा निळा झपाटा मारून गेला. वर ब्राह्मणी घार होतीच. ज्यांना हे सगळं समजावून सांगणारं माणूस बरोबर हवं असेल त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट होडीतून कांदळवन सफर घडवतो. देवबागहून अर्ध्या दिवसाची जोडसहल म्हणून ती चांगली.

पाचच्या सुमारास पाणी खरंच थांबलं. पाण्यावर पडलेलं एक पिवळं पान कयाकच्या शेजारी बराच वेळ एका जागी होतं, मग अगदी हळू मागे, संगमाकडे निघालं. काकांची तिथी बरोबर होती. आम्हीही वळलो.

संध्याकाळी पट्टी ओलांडून समुद्राकडे गेलो, दोन-तीन मिनिटांचं चालणं. सहाच्या आसपास सूर्य बुडाला. तेवढ्यासाठी आलेली बरीच माणसं लगेच पाठ फिरवून गेली. खरं तर पुढची पंधरावीस मिनिटं आकाशाचा रंग जास्त चांगला असतो. वाळूवर थंडीच्या पाहुण्या कुरवांचा थवा उतरला होता. धाकट्याने तो उडवण्याचा प्रयत्न केला आणि आजीचा धपाटा खाल्ला.

रात्री पडवीत फराळाचा डबा उघडला. पाच माणसांचे उन्हाने रापलेले चेहरे आणि मऊ पडलेल्या चकल्या. दमट हवेला चकली टिकत नाही, येताना घट्ट झाकणाचा डबा आणावा. दुसऱ्या दिवशीचं काय, म्हणून काकांना विचारलं. सप्तमी, म्हणजे पाऊणपट सव्वापाच, सुकती साडेअकराला. तोपर्यंत काय करायचं यावर चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं किल्ला, थोरलीचं पुन्हा स्कूबा, धाकट्याचं खुर्ची. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी पायरीवर बसणार आहे, तुम्ही खुशाल जा.’’ काकी मधूनच उद्याच्या जेवणाचं विचारायला आल्या, कोंबडी-वडे की पापलेट. कोंबडी-वड्यांवर चौघांचं एकमत झालं. माणशी वडे किती, हे मात्र धाकट्याने काकींना हळूच बाजूला नेऊन वेगळं सांगितलं.